हरण्याची तीन वर्षं

नवख्या बास्केटबॉल संघाची पहिली खूण गुणफलकावर दिसण्याआधी कानाला कळते. बचाव करताना हा संघ गप्प असतो. मुरलेल्या संघातले पाच जण बचावाच्या वेळी अखंड बडबडत असतात: डावीकडून अडवायला येतोय, माझा माणूस तू घे, मागे मी आहे, चेंडू, चेंडू. लाकडी फरशीवर बुटांच्या रबराची चिरचिर आणि तिच्यात मिसळलेली ही बडबड, असा त्या खेळाचा एक ठरलेला नाद आहे. अठरा वर्षांच्या मुलांच्या संघात चिरचिर तेवढीच असते, शब्द मात्र ऐकू येत नाहीत. प्रत्येक जण आपल्यापुढच्या माणसाकडे बघत असतो आणि स्वतःच्या चुकीला घाबरत असतो. शेजारच्याला काही सांगायचं असतं हे त्याच्या गावीही नसतं. शाळेच्या संघात तो सगळ्यांत उंच किंवा सगळ्यांत चपळ होता. त्याला कुणाची मदत लागली नव्हती, आणि त्यानं कुणाला करावी अशी अपेक्षाही नव्हती. बोलण्याची गरज त्याला कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा पडते, आणि तीही बरंच हरून झाल्यावर.

बचावाच्या मुख्य तऱ्हा दोन. झोनमध्ये प्रत्येकानं मैदानाचा एक तुकडा राखायचा, मॅन-टू-मॅनमध्ये समोरचा एक माणूस. नवख्यांना झोन सोयीचा पडतो, कारण त्यात चूक झाली तरी ती नेमकी कुणाच्या हद्दीत झाली याबद्दल घोळ घालता येतो. मॅन-टू-मॅनमध्ये प्रत्येक चुकीवर नाव लिहिलेलं असतं. माणूस सुटला तर तो कुणाचा होता हे सभागृहात बसलेल्या शेवटच्या रांगेलाही समजतं. त्यातच एकाचा माणूस सुटला की दुसऱ्यानं स्वतःचा सोडून धावायचं, आणि त्या दुसऱ्याचा तिसऱ्यानं सांभाळायचा, अशी साखळी असते. ती शिकायला वेळ लागतो, आणि शिकण्याचे दिवस कोणत्याही प्रेक्षकाला बघवत नाहीत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठानं हे दिवस १९८० ते १९८३ या तीन हंगामांत पाहिले.

ड्यूकचं गाव डरहॅम. गाव तंबाखूचं, आणि विद्यापीठही ज्या ड्यूक घराण्याच्या नावानं उभं आहे त्याचा पैसा तंबाखूतूनच आलेला. तिथून मैल-दोन मैलांच्या हिशेबात न बसणारी, पण मोटारीनं सहज गाठता येणारी दोन विद्यापीठं म्हणजे चॅपेल हिलचं नॉर्थ कॅरोलायना आणि रॅलीचं नॉर्थ कॅरोलायना स्टेट. तिघांचे पाठीराखे एकाच हापिसात काम करतात, एकाच दुकानात भाजी घेतात. हरलेल्या संघाच्या माणसाला सोमवारी सकाळी तोंड लपवायला जागा नसते. ड्यूकला हरण्याची सवयही राहिली नव्हती. बिल फॉस्टर यांच्या हाताखाली संघ १९७८ साली राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता आणि तिथं केंटकीकडून ९४-८८ असा हरला होता. १९८० च्या वसंतात फॉस्टर साउथ कॅरोलायनाला निघून गेले.

त्यांच्या जागी मे १९८० मध्ये ज्या तेहेतीस वर्षांच्या माणसाला आणलं गेलं, त्याचं नाव बातमीदारांना लिहिता येईना. माइक शशेफ्स्की यांनी पहिल्याच पत्रकार परिषदेत ते एकेक अक्षर करून सांगितलं. शिकागोतल्या पोलिश घरातला हा मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत बॉब नाइट यांच्या संघातून खेळला, लष्करात कॅप्टन झाला आणि पुढे त्याच अकादमीचा प्रशिक्षक झाला. तिथला त्याचा शेवटचा हंगाम ९ विजय आणि १७ पराभवांचा होता. असा ताळेबंद घेऊन कुणी नोकरी मागायला आलं तर एखादी सहकारी पतपेढीसुद्धा दोनदा विचार करेल. ड्यूकचे क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनीही केला. मुलाखत झाली, उमेदवार विमानतळावर निघून गेला, आणि मग बटर्स यांनी माणूस पाठवून त्याला परत बोलावलं. हा किस्सा आज दूरदृष्टीचा नमुना म्हणून सांगितला जातो. त्या संध्याकाळी तो डळमळीत मनाचा पुरावा ठरला असता.

पहिल्या हंगामात शशेफ्स्कींच्या हाती दुसऱ्यानं निवडलेला संघ होता. नव्या प्रशिक्षकाच्या वाट्याला येणारं हे पहिलं अवघडलेपण. मुलं आधीच्या माणसाच्या शब्दावर आलेली असतात; त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलून आलेला माणूस वेगळाच असतो. नवा येतो तो स्वतःचं शास्त्र घेऊन, आणि तेही कुणी न मागता. जीन बँक्स आणि केनी डेनार्ड हे शेवटच्या वर्षाचे खेळाडू फॉस्टर यांच्या काळात भरपूर जिंकलेले होते. तरी त्यांनी हंगाम सावरला. १९८१ च्या फेब्रुवारीअखेर घरच्या मैदानावरच्या आपल्या शेवटच्या सामन्याआधी बँक्सनं प्रेक्षकांत गुलाबाची फुलं उधळली आणि अगदी शेवटच्या क्षणी चेंडू टोपलीत टाकून नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचा सामना बरोबरीत आणला. जादा वेळेत ड्यूक ६६-६५ असं जिंकलं. १७ विजय, १३ पराभव. वाईट म्हणावं असं काही घडलेलं नव्हतं.

वाईट त्याच काळात पडद्यामागे घडत होतं. अमेरिकन कॉलेजचा प्रशिक्षक वर्षातला मोठा काळ शाळांच्या व्यायामशाळांत आणि अनोळखी लोकांच्या दिवाणखान्यांत घालवतो. चांगल्या मुलाला आपल्याकडे येण्यासाठी वळवणं हा त्याच्या नोकरीचा अर्धा भाग असतो, आणि काहींच्या मते तोच पाऊण. शशेफ्स्की त्या वर्षी देशातल्या बऱ्याच नामवंत मुलांच्या मागे होते आणि पुष्कळांच्या यादीत अखेरपर्यंत टिकलेही. पण शेवटी मुलं दुसरीकडे गेली. न्यूयॉर्कचा ख्रिस मलिन हा त्यांतला सर्वांत मोठा. तो घराजवळच्या सेंट जॉन्सला गेला. या धंद्यात दुसऱ्या क्रमांकाला काहीच मिळत नाही. पहिल्या फेरीत गळालेल्या प्रशिक्षकानं निदान वेळ तरी वाचवलेला असतो.

या अपयशाची किंमत १९८१-८२ मध्ये दिसली. व्हिन्स टेलरनं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ड्यूक ज्यात खेळतं त्या, तेव्हा आठ विद्यापीठांच्या गटात, सर्वांत जास्त सरासरीनं गुण केले, आणि तरीही संघ १० जिंकून १७ हरला. एक माणूस भरभरून गुण करतो आणि संघ हरत राहतो, हे दृश्य सगळ्याच सांघिक खेळांत ओळखीचं आहे. त्याच वसंतात शेजारच्या चॅपेल हिलनं डीन स्मिथ यांच्या हाताखाली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

पुढच्या वर्षासाठी प्रशिक्षकानं यादी लहान केली आणि एकेका मुलाच्या मागे जास्त वेळ दिला. सहा जण आले. वॉशिंग्टनचा जॉनी डॉकिन्स हा सडपातळ, डावखुरा, चेंडू हातात असला की समोरच्याला उभ्या जागी सोडून जाणारा. ॲरिझोनाहून मार्क अलारी, कॅलिफोर्नियाहून जे बिलास, नेब्रास्काहून बिल जॅकमन. शिवाय डेव्हिड हेंडरसन आणि वेल्डन विल्यम्स. पहिल्या वर्षाच्या मुलांना विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळायची मुभा मुळात १९७२ पासूनची. त्याआधी त्यांचा वेगळा संघ असे; तिथं वर्षभर हरावं, चुकावं, कुणी फारसं पाहायला येत नसे. तो आडोसा गेल्यावर नवखेपणा हजारो लोकांसमोर आला. ड्यूकच्या कॅमरॉन सभागृहात तर प्रेक्षक मैदानाच्या इतके लगत उभे असतात की चेंडू बाहेरून आत टाकणाऱ्या खेळाडूच्या पाठीला त्यांचे हात जवळपास लागतात.

त्या हंगामात या मुलांना मैदानावर पाठवण्यावाचून इलाज नव्हता. बहुतेक वेळा पाचांपैकी तिघे-चौघे पहिल्या वर्षाचेच असत. बिलास सहा फूट आठ इंचांचा. सर्वसामान्य माणसांत तो ताडमाड. पण संघात खरा उंच सेंटर नसल्यामुळे त्याला बास्केटच्या खाली त्याच्याहून उंच आणि वजनदार माणसांशी झोंबावं लागे. व्हर्जिनियाचा राल्फ सॅम्पसन सात फूट चार इंचांचा होता. अशा माणसासमोर मॅन-टू-मॅन खेळायचं म्हणजे ज्याच्या खांद्यापर्यंत आपलं डोकं पोचतं त्याला एकट्यानं थोपवायचं. झोन लावा, असं पाठीराखे म्हणत, वर्तमानपत्रं लिहीत. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं आज म्हणणं सोपं आहे. त्या त्या संध्याकाळपुरता विचार केला तर झोन लावून दोन-चार सामने जास्त जिंकता आलेही असते. प्रशिक्षकानं नकार दिला. वेस्ट पॉइंटला नाइट यांच्याकडून त्यानं हीच एक गोष्ट घेतली होती, आणि हरतोय म्हणून ती सोडायला तो तयार नव्हता, तशी जिंकण्यासाठीही. यात तत्त्व किती आणि हट्ट किती, हे निकाल लागण्याआधी कुणालाच ठरवता येत नाही. निकाल चांगला लागला की हट्टाला तत्त्व म्हणतात.

भरीला त्याच वर्षी खेळाचे नियम बदलले. १९८२ च्या कॉन्फरन्स अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनानं आघाडी मिळाल्यावर चेंडू नुसता आपापसांत फिरवत ठेवला आणि सामना ४७-४५ असा कंटाळवाणा संपला. त्यावर उतारा म्हणून गटानं १९८२-८३ मध्ये दोन प्रयोग केले: तीस सेकंदांत चेंडू टोपलीकडे फेकायचा, आणि १७ फूट ९ इंचांच्या रेषेबाहेरून टाकला तर तीन गुण. प्रेक्षकांच्या दृष्टीनं ही मेजवानीच होती. दुबळ्या संघाचं मात्र जुनं हत्यार गेलं. पूर्वी चेंडू धरून बसता येई, सामना लहान करता येई, हरलं तरी आठ-दहा गुणांनी हरता येई. आता दर तीस सेकंदांनी नवी चूक करायची संधी मिळू लागली, आणि बलाढ्य संघाला शंभरी ओलांडणं सोपं झालं.

न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरचं वॅग्नर हे छोटं कॉलेज कॅमरॉनमध्ये येऊन ८४-७७ असं जिंकून गेलं. सुखवस्तू पाठीराख्यांनी प्रशिक्षकाला काढा अशी पत्रं बटर्स यांच्याकडे धाडली. डॉकिन्स संघात सर्वांत जास्त गुण करत होता, सामन्यामागे अठरा. पण तो अजून अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या वेगाशी जुळवून घ्यायला बाकीच्यांना वेळ लागत होता. त्याच्या हातून सुटलेला पास कधी कधी जिथं पोचे तिथं सहकारी एका क्षणानं उशिरा येई. तो क्षण पुढे दोन वर्षांत नाहीसा झाला. कसा, हे कोणत्याही सरावाच्या वहीत नोंदलेलं सापडणार नाही.

११ मार्च १९८३ रोजी अटलांटातल्या ऑम्नी सभागृहात कॉन्फरन्स स्पर्धेत व्हर्जिनियानं ड्यूकला १०९-६६ असं हरवलं. त्रेचाळीस गुणांच्या फरकानं हंगाम संपला: ११ विजय, १७ पराभव. तीन वर्षांची बेरीज ३८ विजय आणि ४७ पराभव. त्या रात्री उशिरा शशेफ्स्की, त्यांची पत्नी आणि जवळची काही मंडळी डेनीज नावाच्या रात्रभर उघड्या राहणाऱ्या साध्या खानावळीत बसली होती. कुणीतरी पाण्याचा पेला उचलून म्हणालं की ही रात्र विसरून जाऊ या. प्रशिक्षकानं उलट, ती कधीच न विसरण्यासाठी पेला उचलला. नंतरच्या यशानं हा प्रसंग दंतकथेच्या घरात नेऊन ठेवला आहे. पण त्या टेबलाशी बसलेल्या कुणालाही पुढचं काही ठाऊक नव्हतं. हरलेला माणूस असं काही बोलतोच. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यानंतर नोकरी सोडावी लागते, आणि त्यांची वाक्यं कुणी लिहून ठेवत नाही. तीनच आठवड्यांनी रॅलीच्या संघानं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्यांचे प्रशिक्षक जिम व्हॅल्व्हानो १९८० साली, शशेफ्स्कींच्याच वर्षी, नेमले गेले होते. लागोपाठ दोन वर्षं दोन शेजाऱ्यांकडे चषक आला होता.

ऑक्टोबरात नव्या हंगामाचा पहिला सराव सुरू झाला तेव्हा कॅमरॉनच्या फलकावर १०९ आणि ६६ हे आकडे झळकत होते. मुलं तीच होती, एका वर्षानं मोठी. शिवाय टॉमी अमाकर नावाचा एक बारकासा नवा मुलगा आला होता, आणि त्याच्यामुळे डॉकिन्सच्या खांद्यावरचं चेंडू पुढे नेण्याचं ओझं उतरलं. फरक एवढाच दिसतो, आणि एवढ्यानं सगळं कसं बदललं हे पूर्णपणे उलगडत नाही. अमाकर समोरच्या गार्डला अर्ध्या मैदानाआधीच गाठायचा, हे एक कारण. दुसरं बहुधा असं की दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आता बोलता येऊ लागलं होतं. नजर न वळवता मागे कोण उभा आहे हे त्यांना आवाजावरून कळत होतं.

तरीही वाट सरळ नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये संघ पुन्हा ओळीनं हरू लागला. त्याच महिन्यात प्रेक्षकांचंही एक शिक्षण झालं. मेरीलँडविरुद्धच्या सामन्यात विद्यार्थ्यांनी पाहुण्या खेळाडूविरुद्ध फार घाणेरडा दंगा केला, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष टेरी सँडफर्ड यांनी त्यांना एक पत्र लिहिलं आणि खाली ‘टेरीकाका’ अशी सही केली. रागवायचं, पण घरातल्या वडीलधाऱ्यानं रागवावं तसं. पुढच्याच घरच्या सामन्याला मुलं डोक्यावर चंदेरी कागदाची तेजोवलयं लावून आली आणि पंचांच्या निर्णयावर शिव्यांऐवजी अतिशय सभ्य शब्दांत, एका सुरात, आपला मतभेद कळवू लागली. सामना नॉर्थ कॅरोलायनानं ७८-७३ असा जिंकला. शशेफ्स्कींनी त्यानंतर जाहीरपणे म्हटलं की या गटात पंचांची दोन मापं आहेत. तरुण प्रशिक्षकानं डीन स्मिथ यांच्या साम्राज्याबद्दल असं बोलणं तेव्हा उर्मटपणाचं ठरलं. बाळसं फक्त संघच धरत होता असं नाही.

त्याच सुमारास बटर्स यांनी त्यांना कार्यालयात बोलावलं. काढून टाकणार अशी अटकळ होती. बटर्स यांनी पाच वर्षांचा नवा करार पुढे ठेवला. या निर्णयाची थोरवी सांगताना एक गोष्ट नेहमी गाळली जाते: बटर्स यांच्याकडे तेव्हा दाखवण्यासारखा फारसा पुरावा नव्हता. त्यांनी सरावांत काय पाहिलं, मुलांच्या चेहऱ्यांवर काय वाचलं, ते त्यांनाच माहीत. आपल्याकडच्या संस्थांतून नव्या माणसाला तीन महिन्यांत निकाल मागण्याची पद्धत आहे. तिथंही तीच आहे. एका कचेरीत एका माणसानं ती पाळली नाही, एवढंच.

मार्चमध्ये चॅपेल हिलला ड्यूक दोन जादा डावांनंतर ९६-८३ असं हरलं. तो मायकेल जॉर्डनचा तिथला शेवटचा सामना. आठवड्यानं कॉन्फरन्स स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. गटातल्या चौदाही साखळी सामन्यांत अपराजित राहिलेल्या त्या संघाला ड्यूकनं ७७-७५ असं हरवलं. अंतिम सामना मेरीलँडनं घेतला, ती गोष्ट वेगळी. हंगाम २४-१० असा संपला.

१९८५-८६ मध्ये डॉकिन्स, अलारी, बिलास आणि हेंडरसन शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षी संघानं ३७ सामने जिंकले. एका हंगामात तोपर्यंत कोणत्याही कॉलेजनं इतके जिंकले नव्हते. अंतिम सामना डल्लासला लुईव्हिलशी झाला आणि ड्यूक ७२-६९ असं हरलं. त्या रात्री सामना फिरवला तो लुईव्हिलच्या पर्व्हिस एलिसननं: २५ गुण, ११ रिबाउंड, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड. एलिसन पहिल्या वर्षाला होता. चार वर्षं हरत-शिकत मुरलेल्या मुलांना एका नवख्यानं हरवलं. सोसल्याशिवाय मोठं होता येत नाही, असं सांगणाऱ्यांनी हा सामना जरूर आठवावा. सोसलेलं काहींना उपयोगी पडतं, आणि काही जण न सोसताच मोठे होतात.

डॉकिन्सच्या नावावर २,५५६ गुण जमा झाले. ड्यूकमध्ये हा विक्रम वीस वर्षं टिकला. पण १९८२ च्या त्या सहा जणांपैकी कुणालाही खेळाडू म्हणून राष्ट्रीय विजेतेपद मिळालं नाही. जॅकमन तर पहिल्याच वर्षानंतर घराकडे, नेब्रास्काला परतला होता. तो गेल्याचा दोष कुणावर ठेवता येत नाही, आणि राहिला असता तर काय झालं असतं हे विचारण्यात अर्थ नाही.

याहून कमी आठवण निघते ती टॉम एमा आणि चिप एंगेलँड यांची. हे दोघं फॉस्टर यांनी आणलेले. पहिल्या वर्षी, १९७९-८० मध्ये, त्यांनी कॉन्फरन्सचं विजेतेपद पाहिलं. मग नवा प्रशिक्षक आला आणि पुढली तीन वर्षं, म्हणजे ३८ विजय आणि ४७ पराभवांची ती संपूर्ण बेरीज, त्यांच्या वाट्याला आली. शेवटच्या वर्षी आपल्या जागांवर पहिल्या वर्षाची मुलं येताना त्यांना पाहावी लागली. १०९-६६ हा त्यांचा ड्यूकसाठीचा शेवटचा सामना होता. ऑक्टोबरात फलकावर आकडे लागले तेव्हा ते पदवी घेऊन गेलेले होते. त्या हारेचा वचपा काढण्याची संधी त्यांना नव्हती. घडणाऱ्या संघाची गोष्ट सांगताना लोक नेहमी जे पुढे जिंकले त्यांच्या नावानं सांगतात. पण हरण्याचा खर्च सगळ्यांत जास्त केला तो या दोघांनी, आणि परतावा दुसऱ्यांना मिळाला. हा हिशेब न्याय्य नाही, असंच म्हणायला हवं. एंगेलँड पुढे फेक सुधारून देणारा तज्ज्ञ म्हणून नावाजला. सॅन अँटोनियो स्पर्समध्ये टोनी पार्करच्या फेकीवर त्यानं काम केलं.

ड्यूकचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १ एप्रिल १९९१ रोजी इंडियानापोलिसला आलं, कॅन्ससवर ७२-६५ अशा विजयानं. तेव्हा शशेफ्स्कींच्या शेजारी सहायक प्रशिक्षकांत अमाकर होता, आणि कायद्याचं शिक्षण घेता घेता संघाला मदत करणारा बिलासही होता.